हवेचा कोंडवाडा

...न्हाई, पन मी म्हनते, हवा काय शेजाऱ्याची शेळी हाय व्हय, आपल्या वावरात शिरली म्हनून धरली कानाला आन आनून बांधली खुंट्याला? बिबट्या धरत्यात, ते आमाला ठावं हाय, आमच्या जुन्नर तालुक्यात उसाउसातनं बिबटं हिंडत्यात, फॉरेस्टवाले येतात, पिंजरा लावतात, घावला तर घावला. पानी धरत्यात बंधारा घालून. जीपमदी जागा धरत्यात रुमाल टाकून. पन हवा? हवा धरायची म्हने!

हसू नका, तुमाला सांगते, हसायला तुमचं काय जातंय, ते समदं माझ्या अंगनात झालंय!

मी साळुबाई, पिंपरी पेंढारची. आन हवा धरायला निघाले ते आमचे मालक. भगवंत. घेतलं बघा नाव, घेऊ नये म्हनतात, पन ह्या मानसानं मला असली येळ आनली की नाव घेऊनच सांगावं लागतंय. तर ह्यांची नोकरी नारायणगावच्या एका हायस्कुलात, प्रयोगशाळेत, परिचर म्हनून. परिचर म्हंजे काय? म्हंजे सर शिकवनार, पोरं शिकनार, आन नंतर त्या काचंच्या नळ्या धुनार कोन? आमचे मालक! तीस वर्सं! पोरं ह्यांना मामा म्हनतात, सर लोक भगवंता म्हनतात, आन हेडसर तर नुसतं "अरे" म्हनतात. तीस वर्सांत एक दिवस तक्रार केली न्हाई मानसानं. मला वाटलं, चला, गरीब गाय पदरात पडली, रिटायर झाली की दोघं मिळून कांदं निवडीत बसू.

आन दोन हजार सातची गोष्ट, दिवाळी झालेली, ह्ये शाळेतनं आले ते खिशातनं पेपरचं कात्रण काढलं. सायकल भिंतीला लावली न्हाई, आडवी टाकली, तवाच मला कळायला पायजे व्हतं. म्हनले, "साळू, ऐक. परदेशात एकानं बक्षीस लावलंय. हवेतला कार्बन डायऑक्साइड जो कोन भाईर काढून दाखवील त्याला." म्हनलं, "तो आन कोन?" म्हनले, "अगं, आपन श्वास सोडतो, चूल पेटवतो, गाड्या चालवतो, त्यातनं जो वायू निघतो तो. समद्या जगात लई साठलाय, म्हनून तर ऊन वाढतंय, पाऊस अवेळी येतोय." म्हनलं, "बरं मंग?" म्हनले, "मंग काय? तो वायू धरायला मी तीस वर्सं शिकवतोय!"

शिकवतोय! नळ्या धुनारा मानूस!

मंग त्यांनी मला बसवलं चुलीम्होरं. काचंच्या गिलासात चुन्याची निवळी घेतली. निवळी म्हंजे चुना पान्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पानी घ्यायचं. त्यात घातली एक नळी आन म्हनले, "फुंक." मी फुंकलं. पानी झालं दुधावानी पांढरं. म्हनले, "बघ! तुझ्या श्वासातला वायू चुन्यानं धरला. त्याचा खडू झाला. आता तो वायू कुटं जात न्हाई." खरं सांगते, मला मजा वाटली. मी परत फुंकलं. तिथंच चुकलं माझं! बाईनं नवऱ्याच्या खुळाला एकदा फुंकर घातली की... जाऊ द्या.

म्हनले, "हेच मोठं करायचं. नळीच्या जागी पंखा. गिलासाच्या जागी पिंप."

आता पंखा आनला कुटनं? तर माझा सख्खा भाऊ संपत, त्याची द्राक्षाची बाग हाय, बागेत औषध मारायचा ट्रॅक्टरवरचा ब्लोअर असतो न्हाई का, त्याचा एक जुना पंखा पडला व्हता गोठ्यात. ह्यांनी नुसतं इचारलं आन संपत घेऊन आला पिकअपमदी घालून, वर तीन एचपीची मोटर फुकट! माझा भाऊ! मी भाकऱ्या मागितल्या असत्या तर इचार केला असता त्यानं, पन मेव्हन्यानं पंखा मागितला की पळत आला. दोघांनी अंगनात लोखंडी सांगाडा उभा केला, दारायेवढा. पुढं पडदा, पडद्यावर वरनं चुन्याचं पानी ठिबकनार, मागं पंखा, पंखा हवा वढनार, हवा पडद्यातनं जानार, जाताजाता तिच्यातला वायू चुन्याला चिकटनार. पाहुन्यांच्या घरी कूलर बघितलाय ना? तसंच. फक्त कूलरपुढं बसून गार वाटतं, आन ह्याच्यापुढं बसून माझं रगत तापायचं.

पडदा कशाचा? आधी पोत्याचा केला. पोतं कुजलं. मंग शेडनेटचा केला, त्यात पानी थांबंना. आन एक दिवस मी वावरातनं आले, बघते तर सांगाड्यावर माझं लुगडं! हिरवं! माझ्या भाचीच्या लग्नातलं! म्हनलं, "अहो!" म्हनले, "साळू, दाट वीन हाय, पानी बरोब्बर धरतं." म्हनलं, "आन मी काय धरू, डोकं?" चार दिवसांनी काढलं ते लुगडं, तर खडू बसून बसून असलं कडक झालं व्हतं, असलं कडक, की भिंतीला न टेकवता अंगनात उभं ऱ्हायलं! आत बाई न्हाई, आन लुगडं उभं! शेजारची अंबाबाई ताक मागायला आली, तिनं लांबनं बघितलं आन म्हनली, "साळे, पाव्हनी कोन आलीय गं? बस म्हनावं तिला." काय सांगू तिला? हवा धरायची म्हने!

ह्या अंबाबाईला आधी वाटलं फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा बसवलाय. सांगाड्याभवती फिरून म्हनली, "शेळी कुटं बांधली?" म्हनलं, "बिबट्यासाठी न्हाई हो." "मंग कशासाठी?" सांगितलं.  दुसऱ्या दिवशी समद्या गावात नाव झालं, भगवंताचा हवेचा कोंडवाडा! यस्टीतनं उतरनारी मानसं इचारायची, "काय साळुबाई, आज किती हवा कोंडली? आमची बी सुटलीय, दिसली तर सांगा!"

आन पंखा हवा घ्यायचा पुढनं आन टाकायचा मागं, मागं आमचा गोठा. चुन्याचे बारीक तुषार समदे म्हशीवर! काळीभोर म्हैस माझी, आठ दिवसांत अशी पांढरी पडली की गिऱ्हाईक दुधाला आलं ते म्हनलं, "गायीचं नको, म्हशीचं द्या." मिरच्या वाळत घातल्या त्या पांढऱ्या. मी पांढरी. फक्त ह्ये तेवढे आनंदात! शाळेतनं आलं की कपडे न बदलता पडद्याशी. शिट्टी वाजवायचे! तीस वर्सांत मी ह्यांची शिट्टी ऐकली नव्हती, मला वाटलं पंख्याचं बेरिंग गेलं.

आन लोडशेडिंग! तवाचं लोडशेडिंग आठवतंय ना? दिवसाची लाईट म्हंजे लांबच्या पाव्हन्यासारखी, येते म्हनायची आन फिरकायची न्हाई. पंखा बंद. ह्यांचं तोंड एवढंसं. मंग पुन्हा माझा भाऊ, पुन्हा पिकअप, डिझेलचं जनरेटर! ठेवलं कुटं? पडद्याच्या पुढ्यात! सुरू केलं, काळा धूर भकाभका, आन समदा धूर पंख्यानं वढला आत. मी म्हनते बंद करा, ह्ये म्हनतात, "साळू, बघ बघ! आज पिंपातलं पानी किती लौकर दूध झालं!" मी म्हनलं, "अहो, होनारच की! तुमीच धूर सोडता आन तुमीच धरता! मी पीठ सांडून परत भरलं तर तुमी म्हनाल का, बाईनं आज पीठ कमावलं?" तसं ह्यांनी जनरेटर उचलून बांधावर नेऊन ठेवलं, लांब वायर टाकून. धूर आता वढ्याकडं जायचा. म्हनले, "आता मोकळ्या हवेतला येईल तोच खरा." रोजचं चार लिटर डिझेल जळायचं! मी म्हनलं, "झाडं लावा की त्यापरीस, ती बी खात्यात म्हने ह्यो वायू." तर म्हनले, "लावायचीच. पन झाड तोडलं, जाळलं, की वायू परत हवेत. खडूचं तसं न्हाई." उत्तर तयार! तीस वर्सं भिंतीशी हुभं ऱ्हाऊन सरांचं ऐकलेलं, समदं डोक्यात!

मंग आलं तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. त्यात पोरांचा गट असतो, सर लोकांचा असतो, आन परिचरांचा बी एक गट असतो म्हने, पन ह्यांच्या शाळेतनं त्यात कधी कोनी नाव दिलं नव्हतं. ह्यांनी दिलं. हेडसर म्हनले, "अरे, तू काय मांडनार? झाडू?" आन हसले. ह्यांनी घरी येऊन मला ते सांगितलं आन जेवले न्हाईत. बाजरीची भाकरी, कांद्याची पात, तशीच ऱ्हायली ताटात. मला हेडसरांचा असा राग आला, तुमाला सांगते, म्हनलं आता हवा धरा न्हाईतर वारा धरा, मांडायचं म्हंजे मांडायचं!

प्रदर्शनाला आठ दिवस ऱ्हायले आन चुना संपला. ह्यांना शाळेतनं सुट्टी न्हाई, मंग मी गेले संपतच्या पिकअपमदनं, आळेफाट्याच्या पल्याड एक चुनाभट्टी व्हती तिथं, कळीचा चुना आनायला. उतरले आन बघतच ऱ्हायले. भट्टीत खाली कोळसा, वर दगड, पुन्हा कोळसा, पुन्हा दगड, आन वरनं धूर चाललाय अभाळाला. मी भट्टीवाल्याला म्हनलं, "का हो भाऊ, दगड कशाला जाळता?" तो म्हनला, "मावशी, जाळल्याबिगर चुना कसा व्हनार? दगडाच्या पोटात वायू असतो, तो जाळून उडवायचा. उरला तो चुना." म्हनलं, "कंचा वायू?" म्हनला, "आता ते मला काय ठावं. त्या दिवशी एक साहेब आलते, ते म्हनत व्हते कार्बन का काय."

मी वर धुराकडं बघितलं, मंग खालच्या चुन्याकडं.

कळलं का तुमाला? दगडातनं वायू उडवायचा अभाळात, मंग चुना व्हतो. तो चुना आमच्या अंगनात येतो. आन आमचे मालक त्या चुन्यानं तोच वायू अभाळातनं परत धरतात! आन त्याचा परत व्हतो दगड! म्हंजे जितं व्हतो तितंच! वर भट्टीचा कोळसा अलग, डिझेल अलग, माझं लुगडं अलग!

पिकअपमदी गोनीला टेकून बसले आन समद्या वाटंनं इचार करीत आले, आता घरी गेल्यावर कसं धारेवर धरते बघा. घरी आले. ह्ये अंगनात, पडदा नीट करत व्हते, माझ्याकडं बघून हसले आन म्हनले, "आनलास चुना? साळू, तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?"

आन मी बोलले न्हाई.

मी! जिनं सासूला सोडलं न्हाई, सरपंचाला सोडलं न्हाई, ती मी आठ दिवस तोंड शिवून बसले!  भाकरी थापताना शब्द तोंडावर यायचा, आन पाट्यावर वाटन वाटताना मी तो वाटून टाकायची. म्हनलं, होऊ द्या प्रदर्शन. एकदा ह्या मानसाला चार मानसांत हुभं ऱ्हाऊ द्या, मंग सांगू.

प्रदर्शनाच्या दिवशी ट्रॉलीत घालून सांगाडा नेला. शाळेचं मैदान, मांडव, पोरांची गर्दी. हेडसर काळ्या सफारीत. पाव्हन्या म्हनून पुण्यातनं कॉलेजच्या एक मॅडम आल्या व्हत्या, प्रतिभा मॅडम, रसायनाच्या. समद्यांची टोळी आली ह्यांच्यापुढं. ह्ये इस्त्रीचा सदरा घालून हुभे. मांडवाच्या वायरमननं मोटरला वायर जोडून दिली. ह्ये म्हनले, "आता हा पंखा हवा आत वढील..." आन बटन दाबलं.

आता मोटर थ्री फेजची. तिच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते, हे मला तवा ठावं नव्हतं, आता जलमभर इसरनार न्हाई. पंख्यानं वढायचं सोडून फुंकलं! पडद्यावरचं समदं चुन्याचं पानी, फर्रकन, समोरच्या मंडळींच्या अंगावर! हेडसरांची काळी सफारी पांढरी! टोप्या, फायली, समदं पांढरं! पोरं तर जमिनीवर लोळायला लागली हसून. हेडसर वरडले, "अरे! हा काय तमाशा? कुणी सांगितलं होतं तुला?"

मला ऱ्हावलं न्हाई, तुमाला सांगते. मी घुसले पुढं. म्हनलं, "ओ सर, नाव हाय त्यांना! भगवंत नाव हाय! तीस वर्सं तुमच्या नळ्या धुतल्यात, तुमचा एक सदरा पांढरा झाला तर काय झालं?"  मलाच कळंना मी काय बोलले.

तवा त्या प्रतिभा मॅडमनी पदरानं चष्मा पुसला, सांगाड्यावर ह्यांनी लावलेला माहितीचा कागद वाचला, आन जशी काय रोजच चुन्यानं आंघोळ करतात अशा आवाजात म्हनल्या, "मामा, महिनाभर चालवलंत ना? खडूची भुकटी किती जमली?"

ह्ये म्हनले, "वाळवून, वजन करून, सहा किलो."

"म्हणजे वायू साधारण अडीच किलो. आणि जनरेटर?"

"रोज चार लिटर डिझेल."

मॅडम म्हनल्या, "एक लिटर डिझेल जाळलं की जवळपास अडीच किलोच वायू निघतो, मामा."

हेडसर हसले. बाकीचे बी हसले.  आन मॅडम पुढं म्हनल्या, "आणि हा चुना कुठून आणता?"

झालं! म्हनलं आता फुटलं! मी डोळं मिटून घेतलं.

आन ह्यांचा आवाज आला, अगदी शांत. म्हनले, "भट्टीतनं, मॅडम. ठावं हाय मला. दगड भाजताना जेवढा वायू उडतो तेवढाच ह्या चुन्यानं परत येतो, जास्ती न्हाई. तिसऱ्याच दिवशी ध्यानात आलं व्हतं."

तिसऱ्या दिवशी! ठावं व्हतं! आन मी आठ दिवस शब्द पाट्यावर वाटत... तुमी सांगा, काय करावं ह्या मानसाचं?

मॅडम म्हनल्या, "मग का चालवत राहिलात?"

ह्ये म्हनले, "मॅडम, तीस वर्सं मी पोरांसाठी निवळी करून ठेवतोय. दर वर्सी पोरं नळीनं फुंकतात, पानी पांढरं व्हतं, सर म्हनतात, बघा, श्वासात वायू असतो. पन फुंकून काय, येनारच. दहा हजार भाग हवेत चार भाग सुद्धा न्हाईत हा वायू. मला एकदाच बघायचं व्हतं, कोनी न फुंकता, नुसत्या मोकळ्या हवेतनं, आपल्या गावच्या हवेतनं तो हाताला लागतो का." आन खिशातनं कागदाची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. म्हनले, "लागला."

कोनी हसलं न्हाई, बघा. हेडसर सुद्धा रुमाल घेऊन सफारी पुसत बसले.

मॅडमनी ती पुडी उघडून लई येळ बघितली. म्हनल्या, "मामा, परदेशात मोठमोठे लोक याच गाठीशी अडलेत. पकडता येतो. पण तो चुना परत भाजायला ऊर्जा आणायची कुठून, आणि भट्टीतला वायू सुटू कसा द्यायचा नाही? तुम्ही तिथपर्यंत पोचलात." आन आपल्या पांढऱ्याफटक पातळाकडं बघून हसल्या, "आणि तुमचा चुना माझ्या साडीपर्यंत."

बक्षीस? बक्षीस एका सरांना मिळालं, थर्माकोलच्या ज्वालामुखीला. परिचरांच्या गटात ह्ये एकटेच व्हते, तरी दुसरा नंबर दिला! इचारलं तर म्हनले, पहिल्या नंबराच्या लायकीचं काही आलं नव्हतं. आता ह्याच्यावर काय बोलायचं?

पन मॅडम इसरल्या न्हाईत. भुकटीची एक बाटली पुण्याला नेली, त्यांच्या कॉलेजात काचंच्या कपाटात ठेवली. आमी जाऊन बघून आलो. बाटलीवर चिठ्ठी, ह्यांचं नाव, गाव पिंपरी पेंढार, आन खाली, मोकळ्या हवेतून. ह्ये कपाटापुढं हुभे ऱ्हायले ते हलंनात. शेवटी मीच म्हनलं, "चला, गाडी चुकंल." तर खिशातनं रुमाल काढून काच पुसायला लागले. तीस वर्सांची सवय, दुसऱ्याच्या कॉलेजातली काच!

घरी आलो. संपतनं पंखा परत नेला, म्हैस धुऊन काळी केली, मला वाटलं, सुटले बाई. तर न्हाई! उरलेली भुकटी पत्र्याच्या डब्यात भरून ह्यांनी ठेवली कुटं, तर सैपाकघरात, माझ्या फळीवर, घरातली तेवढीच एक कोरडी जागा म्हने. मी म्हनलं, "रांगोळीत मिसळते." म्हनले, "खबरदार! आन ह्या फळीखाली लिंबू पिळायचं न्हाई, ताक घुसळायचं न्हाई, चिंच कालवायची न्हाई. आंबट लागलं की वायू सुटतो!"

समद्या जगाची हवा किती साफ झाली ते मला ठावं न्हाई बाई... पन मी आता माझ्याच घरात लिंबाचं लोनचं घालायचं म्हनलं, तर परात, सुरी आन लिंबं घेऊन अंबाबाईच्या वट्यावर जाऊन बसते.